‘थोडक्यात हुकलं!’ असं वाटायला लावणारं यंत्र : स्लॉट मशीनची सव्वाशे वर्षांची गोष्ट

रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं मशीन आठवतंय का? लाल-पिवळे दिवे, काचेमागे गरगर फिरणारी चकती. वर उभं राहायचं, नाणं टाकायचं, खाडकन आवाज यायचा आणि खालच्या कप्प्यात पुठ्ठ्याचं छोटं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन बरोबर असायचं का देव जाणे, पण भविष्य नेहमी चांगलंच असायचं.

गंमत म्हणजे इंग्रजीत ‘स्लॉट मशीन’ हा शब्द आधी असल्याच यंत्रांसाठी वापरला जायचा. स्लॉट म्हणजे नाणं टाकायची खाच. खाचेत नाणं टाकल्यावर चॉकलेट देणारं, सिगारेट देणारं, वजन सांगणारं कुठलंही यंत्र म्हणजे स्लॉट मशीन. पुढं यातल्या एका यंत्राने बाकी सगळ्यांना मागे टाकलं आणि तो शब्दच आपल्या नावावर करून घेतला. आज ‘स्लॉट मशीन’ म्हटलं की डोळ्यासमोर येतात ती तीन चाकं, चेरी, घंटा आणि लाल रंगाचे तीन सात.

तर आज याच यंत्राची गोष्ट. गोष्ट अशासाठी सांगायची की हे यंत्र आता कॅसिनोत राहिलेलं नाही, ते आपल्या खिशात आलंय. आणि इथवर येताना त्याच्यात एक बदल असा झाला की जो बाहेरून बघून कुणालाच कळत नाही.

पत्त्यांपासून सुरुवात झाली

साल १८९१. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सिटमन आणि पिट नावाच्या कंपनीने एक यंत्र आणलं. आत पाच ढोल, प्रत्येक ढोलावर दहा पत्ते, म्हणजे एकूण ५० पत्ते. पाच सेंटचं नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, पाच पत्ते समोर येणार आणि त्यातून पोकरचा हात तयार होणार. चांगला हात लागला तर बक्षीस.

पण बक्षीस यंत्र देत नव्हतं. ते गुत्त्याचा मालक द्यायचा. कधी बिअरचा ग्लास, कधी सिगार. राजांची जोडी आली की एक बिअर, असा साधा हिशोब.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, पत्ते ५२ असतात आणि यंत्रात ५०. दोन गेले कुठं? तर मालक लोक साधारणपणे इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम काढून ठेवायचे. हे दोन पत्ते नसले की सगळ्यात मोठा हात, म्हणजे एकाच रंगाचे दश्शीपासून एक्क्यापर्यंतचे पाच पत्ते, लागायची शक्यता थेट निम्म्यावर येते. खेळणाऱ्याला ५० पत्ते गरगर फिरताना दिसायचे. न दिसणारे दोन पत्ते कुणी मोजत बसायचं नाही.

यंत्राने स्वतःच पैसे का दिले नाहीत? कारण पोकरमध्ये जिंकायचे हात इतके वेगवेगळे की ते सगळे ओळखून त्याप्रमाणे नाणी मोजून देणारं यंत्र त्या काळात बनवणं अवघड होतं. हा गुंता सोडवला एका मेकॅनिकने.

चार्ल्स फे आणि त्याची घंटा

चार्ल्स फे मूळचा जर्मनीतल्या बव्हेरियाचा, जन्म १८६२ चा. फिरत फिरत अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला पोचला आणि तिथं त्याने यंत्रांचं वर्कशॉप टाकलं. १८९० च्या दशकात त्याने जे यंत्र बनवलं त्याचं नाव ‘लिबर्टी बेल’. नक्की साल कुठलं यावर जाणकारांमध्ये वाद आहे, त्यात आपण पडायला नको.

फेने काय केलं, तर पाचाची तीन चाकं केली. पत्ते काढून टाकले आणि पाचच चिन्हं ठेवली : घोड्याचा नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि तडा गेलेली स्वातंत्र्याची घंटा. चिन्हं कमी झाली म्हणजे जिंकायचे प्रकार कमी झाले, आणि प्रकार कमी झाले म्हणजे ते ओळखणं यंत्राला जमायला लागलं. तीन घंटा एका ओळीत आल्या की पाच सेंटची दहा नाणी खळखळ करत खाली. मालकाला बोलवायची गरज नाही, वाद नाही, उधारी नाही.

आतली करामत सगळी लोखंडाची होती. दांडा ओढला की स्प्रिंग ताणली जायची, चाकं फिरायची आणि मग डावीकडून एकेक चाक थांबायचं. आधी पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. हे एकामागून एक थांबणं फार महत्त्वाचं आहे बरं का. पहिली घंटा आली, दुसरी घंटा आली, आणि तिसरं चाक अजून फिरतंय... या दीड-दोन सेकंदांवर हा सगळा धंदा उभा आहे.

प्रत्येक चाकावर थांबायच्या १० जागा होत्या. म्हणजे १० गुणिले १० गुणिले १०, एकूण १,००० शक्यता. ज्याला हौस असेल त्याने चाकं डोळ्याने बघावीत, चिन्हं मोजावीत आणि आपण किती पाण्यात आहोत हे कागदावर काढावं. यंत्र मालकाच्याच फायद्याचं होतं, त्यात शंका नाही. पण जे दिसायचं तेच आत घडायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

फे हुशार माणूस. त्याने यंत्रं विकली नाहीत, शहरातल्या सलूनमध्ये भाड्याने ठेवली आणि कमाईत निम्मा वाटा घेतला. (सलून म्हणजे आपलं केस कापायचं नव्हे, दारूचं.) पण धंदा चालतोय म्हटल्यावर बाकीच्यांच्या नजरा वळणारच. फेच्या नातवाने पुढं या यंत्रांचा इतिहास लिहिला, त्यात तो सांगतो की १९०५ मध्ये एका सलूनमधून एक लिबर्टी बेल चोरीला गेली आणि ती शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीकडे पोचली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मिल्सचं स्वतःचं तीन चाकांचं यंत्र बाजारात आलं. १९०६ च्या भूकंपात फेचं वर्कशॉप जमीनदोस्त झालं, १९०९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने या यंत्रांवर बंदी घातली आणि १९११ मध्ये अख्ख्या कॅलिफोर्नियाने. यंत्र शोधणारा मागे पडला आणि त्याची नक्कल करणाऱ्यांचा धंदा देशभर गेला.

मग ही चेरी आणि लिंबं आली कुठून?

जुगाराला बंदी आली की जुगारवाले काय करतात? नाव बदलतात. पैशाऐवजी बक्षीस म्हणून च्युइंगम द्यायचं आणि म्हणायचं, अहो हे तर च्युइंगम विकायचं यंत्र आहे. चाकांवरचे पत्ते काढले आणि च्युइंगमच्या स्वादाची फळं छापली. चेरी, लिंबू, संत्रं, आलुबुखार. आणि आजही स्लॉट मशीनवर जे काळं ‘बार’ लिहिलेलं चिन्ह दिसतं, ते ‘बेल-फ्रूट’ च्युइंगमच्या खुणेवरून आलेलं. ब्रिटनमध्ये लोक या यंत्राला अजूनही ‘फ्रूट मशीन’च म्हणतात.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कायद्याला चकवायला लावलेली फळं आज ॲपमध्येसुद्धा आहेत.

याच काळात मिल्सने चाकावरच्या जागा १० वरून २० केल्या. शक्यता १,००० वरून ८,००० वर गेल्या. मोठं बक्षीस द्यायचं तर ते क्वचित लागलं पाहिजे आणि क्वचित लागायचं तर चाकावर जास्त जागा पाहिजेत, हे साधं गणित. पण या गणिताला एक मर्यादा होती. चाक किती मोठं करणार? फार मोठं चाक दिसलं की गिऱ्हाईक सावध होतं.

पुढची पन्नासेक वर्षं पटकन सांगतो. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात ही यंत्रं गुंडांच्या टोळ्यांकडे गेली. १९३४ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी हातात घण घेऊन, फोटोग्राफरसमोर ही यंत्रं फोडली आणि पाण्यात बुडवली. त्या काळचं हे व्हायरल कंटेंटच म्हणा. इकडे नेवाडा राज्याने मात्र १९३१ मध्येच जुगार कायदेशीर करून टाकला होता. दांडा एकच आणि खिसा कापण्यात पटाईत, म्हणून लोकांनी या यंत्राला नाव ठेवलं ‘एका हाताचा दरोडेखोर’.

१९६३-६४ च्या सुमारास बॅली कंपनीचं ‘मनी हनी’ आलं आणि यंत्रात वीज घुसली. आता ते एका वेळी ५०० नाणी आपोआप देऊ शकत होतं. दांड्याची तशी गरज उरली नव्हती, बटणानेही काम झालं असतं, पण दांडा ठेवला. लोकांना वाटत होतं की आपण ओढतो तसं काहीतरी होतं. १९७६ मध्ये फॉर्च्यून कॉइन कंपनीने सोनीचा १९ इंची टीव्ही बसवून पहिलं व्हिडिओ स्लॉट बनवलं. लोखंडी चाकाच्या जागी चाकाचं चित्र. लोकांचा त्यावर सुरुवातीला विश्वास बसला नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं.

१९८४ : न दिसणारं चाक

आता या गोष्टीतला खरा मुद्दा.

इंगे टेलनेस नावाच्या नॉर्वेजियन गणितज्ञाला १५ मे १९८४ ला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. पेटंट नंबर ४४,४८,४१९. कल्पना अशी की चाकं कुठं थांबायची हे चाकांनी ठरवायचंच नाही. ते आतली चिप ठरवणार. चिप सतत आकडे काढत असते, तुम्ही बटण दाबलं त्या क्षणी जो आकडा निघाला तो तुमचा निकाल. चाकं त्यानंतर फिरतात आणि ठरलेल्या जागी येऊन थांबतात.

अवघड वाटतंय? सापशिडी घ्या. समजा तुम्ही फासा टाकताय. फाशाला सहा बाजू, सहा पडायची शक्यता सहात एक, हे शेंबड्या पोरालाही माहिती. पण खरा निकाल शेजारच्या खोलीत लागतोय. तिथं एका डब्यात ६४ चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या एकाच चिठ्ठीवर ‘सहा’ लिहिलंय, बाकी ६३ वर एक ते पाच. तिथं कुणीतरी चिठ्ठी काढतो आणि तुमच्यासमोरचा फासा त्याप्रमाणे वळवून ठेवतो. तुम्ही फाशाकडे बघत असता, आणि डोक्यात तेच, सहात एक.

स्लॉट मशीनमध्ये नेमकं हेच झालं. समोरच्या चाकावर २२ जागा. तीन चाकं धरली तर २२ गुणिले २२ गुणिले २२, म्हणजे १०,६४८ मध्ये एक अशी सगळ्यात मोठ्या बक्षिसाची शक्यता दिसते. आत मात्र चिपमधलं न दिसणारं चाक समजा ६४ जागांचं आहे आणि मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला त्यातली एकच जागा दिली आहे. मग खरी शक्यता होते ६४ गुणिले ६४ गुणिले ६४, म्हणजे २,६२,१४४ मध्ये एक. डोळ्याला जे दिसतं त्याच्या जवळपास पंचविसावा हिस्सा.

हे लपूनछपून केलेलं नव्हतं हे विशेष. यंत्र खेळणाऱ्याला प्रत्यक्षापेक्षा जास्त संधी देतंय असं भासणं महत्त्वाचं आहे, अशा अर्थाचं म्हणणं त्या पेटंटमध्येच मांडलेलं आहे. सरकारी कागद आहे, कुणीही वाचू शकतं.

या पेटंटचे हक्क पुढं आयजीटी या कंपनीकडे गेले. चाक मोठं न करता शक्यता हवी तेवढी पातळ करता येते म्हटल्यावर बक्षिसांचे आकडे आकाशाला भिडले. आयजीटीने १९८६ मध्ये नेवाडातल्या वेगवेगळ्या कॅसिनोंतली यंत्रं एकमेकांना जोडून ‘मेगाबक्स’ सुरू केलं. मार्च २००३ मध्ये लास व्हेगासमध्ये २५ वर्षांच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला त्यावर ३ कोटी ९७ लाख डॉलर लागले. अशी एक बातमी पुढची वीस वर्षं जाहिरातीचं काम करते.

आणि मग ‘थोडक्यात हुकलं’

न दिसणाऱ्या चाकाचा दुसरा उपयोग जास्त खतरनाक होता. समजा आतल्या ६४ आकड्यांपैकी मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला एकच आकडा दिला. पण समोरच्या चाकावर त्याच्या बरोबर वर आणि बरोबर खाली ज्या रिकाम्या जागा आहेत, त्यांना पाच-पाच दिले. काय होईल? एकदा चिन्ह ओळीत येईल तेव्हा दहा वेळा ते ओळीच्या अगदी वर किंवा अगदी खाली येऊन थांबेल. बोटभर अंतर.

दोन वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजचे मित्र गोव्याला गेलो होतो, तेव्हा मांडवीतल्या एका बोटीवर हे मी बघितलंय. आमच्यातल्या एकाला दोन सात आले आणि तिसरा बरोबर ओळीच्या वर थांबला. तो आमच्याकडे वळून ओरडला, “बघितलं? आता येणारे!” आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याचे चार हजार गेले. खोलीचं त्याच्या वाटणीचं भाडं मग आम्ही भरलं. त्याला मूर्ख म्हणायची सोय नाही, कारण बाजूला उभं राहून मलाही वाटलं होतं की आता येणार.

हे असं का वाटतं, यावर केंब्रिज विद्यापीठातल्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांचं २००९ चं संशोधन आहे. त्यांनी लोकांना स्लॉटसारखा खेळ खेळायला लावून मेंदूची छायाचित्रं घेतली. थोडक्यात हुकतं तेव्हा माणूस हरलेला असतो, पण जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात त्यातले काही तेव्हाही जागे होतात. लोकांनी सांगितलं की हुकल्यावर वाईट वाटतं, आणि तरी पुन्हा खेळावंसं वाटतं.

क्रिकेटमध्ये चेंडू स्टंपला घासून गेला तर पुढचा चेंडू कदाचित लागेलही, कारण गोलंदाज लयीत आलेला असतो. आपला मेंदू असल्या अनुभवावर तयार झालाय. स्लॉट मशीनला लय नसते. मागच्या खेळाचा पुढच्या खेळाशी काडीचा संबंध नसतो.

नेवाडाच्या नियामकांपुढे १९८८-८९ मध्ये हा विषय आलाही. युनिव्हर्सल नावाच्या कंपनीची यंत्रं खेळणारा हरला हे ठरल्यावर मुद्दाम ‘थोडक्यात हुकलं’वालं चित्र निवडून दाखवत होती. त्यावर बंदी आली. पण वर सांगितलेला प्रकार, म्हणजे बक्षिसाच्या शेजारच्या जागांना जास्त आकडे देणं, चालू राहिला. एक दार बंद केलं आणि त्याला लागूनच असलेलं उघडं ठेवलं, असा तो निर्णय.

हरलात, अभिनंदन!

१९९० नंतर यंत्रात पडदा आला तशा ओळीही वाढल्या. आता एकाच वेळी २० ओळींवर पैसे लावता येतात. प्रत्येक ओळीवर १ रुपया धरा, एका खेळाचे २० रुपये. चाकं थांबतात, एका ओळीवर ८ रुपये लागतात. लगेच दिवे, संगीत, उडणारी नाणी, ‘तुम्ही जिंकलात’. हिशोब करा : २० गेले, ८ आले. १२ रुपये हरल्याचा हा जल्लोष आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये याला ‘जिंकण्याच्या वेशातली हार’ अशा अर्थाचं नाव दिलं. खेळणाऱ्यांच्या त्वचेवर येणाऱ्या घामाचं मोजमाप केलं तर शरीराचा प्रतिसाद खऱ्या विजयाच्या जवळ जाणारा होता. शरीराला वजाबाकी येत नाही.

एव्हाना खरी नाणीही गेली होती. कागदी पावत्या आल्या, आणि नाणी पडल्याचा खळखळाट स्पीकरमधून ऐकवला जाऊ लागला.

नताशा डाउ शुल या अभ्यासक बाईंनी लास व्हेगासमध्ये अनेक वर्षं काढून २०१२ मध्ये यावर पुस्तक लिहिलं, ‘ॲडिक्शन बाय डिझाइन’. त्यांना भेटलेल्या सवयीच्या खेळाडूंचं म्हणणं ऐकून धक्का बसतो. ते जिंकायला येत नव्हते. वेळ, पैसा, घर, स्वतःचं शरीर, सगळ्याचा विसर पडेल अशा तंद्रीत राहण्यासाठी ते येत होते. मोठं बक्षीस लागलं की काहींना उलट व्यत्यय वाटायचा.

९५ टक्के परत म्हणजे किती परत?

ऑनलाइन जाहिरातींमध्ये तुम्ही वाचलं असेल, ‘९५ टक्के परतावा’. ऐकायला भारी. १,००० घेऊन गेलो तर ९५० घेऊन येणार, पन्नास रुपयांत मजा, हो ना?

तर नाही. हे ९५ टक्के तुम्ही आणलेल्या पैशांचे नाहीत, लावलेल्या पैशांचे आहेत. १,००० लावले, सरासरीने ९५० आले. तेच पुन्हा लावले, ९०२ आले. पुन्हा लावले, ८५७. अशा १४ फेऱ्या झाल्या की सरासरीने निम्म्याहून कमी उरतात. आणि फेऱ्या व्हायला वेळ लागत नाही. १० रुपयांचा एक खेळ, मिनिटाला १० खेळ, म्हणजे तासाला ६,००० रुपये लावले जातात. ५ टक्के गेले तरी तासाला ३०० रुपये. नेवाडात तर कायद्याने किमान परतावा ७५ टक्के ठेवला की पुरे. तो हिशोब तुम्हीच करा.

लाखो खेळांची ही सरासरी आहे. एका संध्याकाळी तुमचं काय होईल ते ती सांगत नाही.

इथं एक प्रश्न हमखास येतो : यंत्राला हरवता येतं का? एकदा जमलं होतं. चिप जे आकडे काढते ते सूत्रातून काढते, आणि सूत्र कळलं तर पुढचा आकडा कळतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या एका कॅसिनोत हे उघड झालं. रशियातली एक टोळी जुन्या यंत्रांच्या पडद्याचं मोबाईलवर चित्रण करून घरी पाठवायची, तिकडून हिशोब होऊन यायचा आणि बटण दाबायच्या पाव सेकंद आधी खेळणाऱ्याचा फोन थरथरायचा. पण ‘स्लॉटची ट्रिक’ म्हणून टेलिग्रामवर जे विकलं जातं त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ज्याला खरी ट्रिक सापडली तो ती ४९९ रुपयांना विकत बसणार नाही.

आपल्याकडे काय?

मुंबई इलाख्याचा जुगारबंदी कायदा १८८७ चा, म्हणजे लिबर्टी बेल चालू व्हायच्या आधीचा. आजही महाराष्ट्रात याच कायद्याखाली छापे पडतात. ‘व्हिडिओ गेम पार्लरवर छापा’ ही जिल्हा पानावरची बातमी तुम्ही वाचलीच असेल. ते व्हिडिओ गेम म्हणजे अनेकदा हीच यंत्रं असतात, फक्त पाटी वेगळी. च्युइंगमवाल्यांची आठवण यावी असाच प्रकार.

आणि एक विचित्र गोष्ट. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंना परवानगी आणि कर लावणारा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही. सत्तेचाळीस वर्षं कागदावर पडून राहिला आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला.

गोव्याचा रस्ता वेगळा. तिथल्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक स्लॉट मशीनला परवानगी मिळाली. पत्ते आणि रुलेटसारखे टेबलावरचे खेळ मात्र पाण्यातल्या बोटींवर. पणजीच्या काठावरून दिसणाऱ्या त्या झगमगत्या बोटींचं मूळ हे आहे. फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातल्या स्थानिकांना जुगाराच्या भागात जायला मनाई आहे. बोट गोव्याची, पण खिसा बाहेरचा हवा.

मोबाईलचं प्रकरण याहून मोठं. कॅसिनोत जायला प्रवास, तिकीट, वयाचा पुरावा लागतो. मोबाईलवर एक लिंक आणि यूपीआय पुरतं. ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटवर काही नियम लावले : दोन खेळांत किमान अडीच सेकंदांचं अंतर, आपोआप खेळत राहायची सोय बंद, आणि लावलेल्या पैशांइतके किंवा त्याहून कमी परत आले तर विजयाचं संगीत वाजवायचं नाही. २०२५ मध्ये तिथं एका खेळावर लावायच्या रकमेलाही मर्यादा आली, २५ वर्षं आणि पुढच्यांना ५ पौंड, १८ ते २४ वयाच्यांना २ पौंड. मला यातला संगीताचा नियम सगळ्यात जास्त पटतो. पैसे न गोठवता, फक्त खोटं बोलू नका असं यंत्राला सांगितलंय.

टेलनेसच्या नॉर्वेने तर जुलै २००७ मध्ये खासगी स्लॉट मशीन देशभरातून उचलूनच टाकली. नंतर सरकारी कंपनीमार्फत दुसरी यंत्रं आणली, पण खर्चाच्या मर्यादेसह.

भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये थेट बंदीचा रस्ता धरला. संसदेने केलेल्या कायद्यानुसार पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

कायदा परदेशातून चालवल्या जाणाऱ्या खेळांनाही लागू आहे, पण परदेशात बसलेल्या सर्व्हरचं प्रत्यक्षात काय करायचं हा प्रश्न शिल्लक आहे. हा लेख लिहायला घेतला त्या आठवड्यात मला एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, ‘वेलकम बोनस, ५० फ्री स्पिन’. खाली चेरी, घंटा आणि तीन सातांचं चित्र. मी नंबर ब्लॉक केला. तिसऱ्या दिवशी तेच चित्र दुसऱ्या नंबरवरून आलं, या वेळी फ्री स्पिन १०० होते.